विमानतात्यांचा काटा

सणसरहून बारामतीला टांग्यानं जायचं, तर आधी गुळाच्या काट्यावर बसावं लागे. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात तुम्ही. चढण्याआधी माणसाला ढेपेसारखं तोलणारा टांगा अख्ख्या मुलखात एकच, आमच्या विमानतात्यांचा. माझी पाळी आली की गावातली वजनं संपत, मग शेजारच्या दुकानातून ज्वारीचं पोतं मागवत. खोटं वाटत असेल तर काट्याची दांडी बघा. माझ्यानंतर ती सरळ झालेली नाही.

"मास्तर म्होरं, माझ्याजवळ," तात्या गंभीरपणे सांगत. "तुमी मागं बसला तर टांगा उलाळ हुईल, आन् डाकोटा आभाळात."

डाकोटा म्हणजे घोडा. हे विमानाचं नाव, हे त्याला माहीत नसावं. तो बैलाच्याही मागून चाले.

तात्या पूर्वी पुण्यात एका विमान कंपनीत होते. तेव्हाची विमानं लहान, सामानाबरोबर माणसंही तोलून घेत, आणि काटा तात्यांच्या हाती. त्या कंपनीचा इतिहास ते प्रत्येक फेरीत सांगत. सणसर सोडताना कंपनीजवळ लढाईतलं एकच जुनं विमान असे. भवानीनगरला त्याची चार होत, मुंबई-बंगलोर सुरू होई. बारामतीची वेस दिसेपर्यंत आभाळात विमानाला वळायला जागा उरत नसे. मग सरकारनं सगळ्या कंपन्यांची एक मोट बांधली, इथपर्यंत आलं की तात्यांचा आवाज खाली येई.

"लई वाढली वो कंपनी. येवढी वाढली, का मीच मावलो न्हाय तिच्यात."



पण कंपनीचे नियम तात्यांनी सोडले नाहीत. टांगा सुटण्याआधी प्रत्येकाच्या हातावर एक पेपरमिंट, कानात दडे बसू नयेत म्हणून. जास्त भार झाला की एकजण खाली. एकदा फौजदाराला उतरवलं. तो चिडला, तर तात्या शांतपणे म्हणाले, "वजन म्हंजी वजन." फौजदार चालत गेला आणि आमच्या आधी पोचला.

सगळं गाव त्या टांग्यात बसलं. बसल्या नाहीत त्या एकट्या सोनाकाकू, तात्यांच्या मंडळी. त्यांचं माहेर वडगाव निंबाळकर. बारामतीपर्यंत त्या पायी जात, नाहीतर कुणाच्या बैलगाडीतून. टांगा जवळून गेला की तात्या लगाम ओढत. काकू पदर पुढे घेत आणि चालत राहत.

टांग्यात न बसण्याचं कारण मी एकदा काकूंनाच विचारलं. कंपनीनं कामगारांच्या बायकांना एकेक फेरी फुकट दिली होती. काकू नवं लुगडं नेसून, धपाट्यांचं गाठोडं घेऊन पुण्याला गेल्या, विमानात चढल्या, खिडकीशी बसल्या. ऐन वेळी, पेपरमिंट हातावर पडायच्या आत, भार एका माणसाचा जास्त भरला. तात्या वर आले आणि त्यांनी काकूंनाच उतरवलं.

"उतरवलं त्याचं काय न्हाय, मास्तर," काकू म्हणाल्या. "वजन म्हंजी वजन म्हणाले. पर माझ्याकडं बघितलं न्हाय. काट्याकडं बघून बोलले."

त्यानंतर वर्षं गेली, आणि एक दिवस दवंडी आली की उद्यापासून आमच्या रस्त्यानं यष्टी धावणार. टांग्याची ही शेवटची फेरी. गावानं काट्याभोवती गर्दी केली. ज्यांना कुठंच जायचं नव्हतं तेही तोलून घेऊन गेले. टांगा भरला. मी पुढे, माझ्या नेमाच्या जागी. तात्यांनी लगाम उचलला, आणि समोरून गाठोडं घेऊन काकू आल्या.

त्या सरळ काट्याकडे गेल्या आणि पारड्यात बसू लागल्या. तात्या खाली उतरले. त्यांनी पारडं धरलं.

"ऊठ. काटा बंद झाला."

"मग माझं वजन?"

"न्हाय बघायचं."

मग तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, उतरा."

मी म्हणालो, तात्या, अहो पुढचा भार गेला तर टांगा उलाळ होईल.

"हुंद्या."

मी उतरलो. काकू माझ्या जागी बसल्या, आणि माझी ती दोन माणसांची जागा त्यांच्या भोवती रिकामीच राहिली. तात्यांनी त्यांच्या हातावर पेपरमिंट ठेवली.

"ही तवाचीच का?" काकूंनी विचारलं.

"न्हाय. नवी हाय."

टांगा हलला, तो मागं कललेलाच. डाकोटाचे पुढचे पाय खरोखरच जमीन सोडू लागले. मग मीच मागून फळीला खांदा लावला आणि तसाच चालू लागलो. कंपनीचा इतिहास आता सुरू होईल म्हणून कान दिला. भवानीनगर आलं तरी पुढून काही ऐकू येईना. चार विमानं कुठं गेली कोण जाणे.

मग तात्यांचा आवाज आला, अगदी हळू. "त्या दिशी खिडकीत बसली व्हतीस. काय दिसत व्हतं गं तितनं?"

काकूंनी पेपरमिंट या गालातून त्या गालात घेतली.

"तुमी," त्या म्हणाल्या. "काटा धरून हुबं."