हरकती निरंक

निकेश घरत मंगळवारी सकाळी गेला. पण ज्या गोळीने गेला, तिच्यातलं रसायन बंदीच्या यादीत नव्हतं, म्हणून दवाखान्याने त्याला संध्याकाळी घरी पाठवून दिलं.

"मरणाचं कारण यादीत असावं लागतं," डॉक्टरांनी त्याच्या आईला नीट समजावलं. "यादीतल्या रसायनाचा हा सख्खा भाऊच. पण शेपटीला एक कण जास्त, म्हणजे कायद्याने वेगळा. कारण नाही, तर मरण नाही."

तेव्हापासून निकेश पडवीत बसून असे. कबड्डीत खांदा दुखावला म्हणून त्याने ती एकच गोळी घेतली होती. आता खांदा दुखत नव्हता. तो जेवत नसे, झोपत नसे. अंग माठासारखं गार. आई तरी रोज त्याचं ताट वाढायची आणि तासाभराने तसंच उचलायची. त्याची बहीण प्रणाली नववीत होती. तिने सुतकाच्या रजेचा अर्ज दिला, तो बाईंनी मृत्यू झालेला नाही म्हणून परत केला.

दोन महिन्यांनी कचेरीबाहेर मसुदा लागला. त्या रसायनाची सगळी भावंडं, शेपटी कशीही असो, एक तारखेपासून यादीत येणार होती. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावं.

"एक जरी हरकत आली, तरी सुनावणी लावावी लागते," कारकून दळवी म्हणाले. "वर्ष आरामात जातं."

आईने घरी येताच प्रणालीपुढे कागद ठेवला. "तुझं अक्षर चांगलं आहे. लिही, आमची हरकत आहे म्हणून. माझा पोरगा बसलाय तसा बसू दे."

प्रणालीने समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहिलं. आईने खाली सही केली.

शेवटच्या दिवशी प्रणाली अर्ज घेऊन निघाली, तेव्हा निकेशने विचारलं, "टपरीवर अजून मिळते का गं ती गोळी?"

"मिळते. पोलीस बघतात नि पुढे जातात. यादीत नाही ना."

"काल समोरच्या संकेतला घरी आणलं. ओट्यावर बसवलाय, माझ्यासारखाच."

प्रणाली चपलेचा पट्टा लावत राहिली.

"भित्री," तो म्हणाला. "अगं, रिकामी चढाईपण चालते. रेषा ओलांडायची आणि परत यायचं."

कचेरीत पाच वाजायला दहा मिनिटं होती. अर्ज तिच्या भूगोलाच्या वहीत होता.

"काय गं, हरकत आहे का काही?" दळवींनी विचारलं.

"नाही."

"मग आलीस कशाला?"

"अशीच."

दळवींनी नोंदवहीत लिहिलं: हरकती निरंक.

"दिलास?" आईने दारातच विचारलं. प्रणालीने मान हलवली, नाही म्हणून. आईने निकेशचं ताट वाढलं आणि त्या दिवशी ते उचललंच नाही.

एक तारखेला कचेरी उघडायच्या आधी आईने त्याला आंघोळ घातली. दहाला तो चटईवर आडवा झाला. प्रणालीने त्याचा हात धरला होता. तो आधीपासूनच गार, त्यामुळे नेमकं कधी, ते तिला कळलं नाही. समोर संकेतच्या ओट्यावरही माणसं जमली, तेव्हा तिने हात सोडला.

दुसऱ्या दिवशी प्रणालीने रजेचा जुनाच अर्ज, फक्त तारीख बदलून, शाळेत पाठवला. या वेळी बाईंनी तेरा दिवस मंजूर केले.