गोपाळरावांचे कंस

गोपाळरावांनी घरच्या कॉम्प्युटरला पाच अधिक तीन किती, एवढंच विचारलं होतं. कंस उघडून पाच लिहिले, तीन लिहिले, मग अधिकचं चिन्ह, आणि कंस बंद. कॉम्प्युटरने उत्तर दिलं, "बॅड फंक्शन: ५." गोपाळराव भडकले. पाचाने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

देवासच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. नकाशात पत्र्यावरची भोकं आखण्यात त्यांचा हातखंडा. आता साहेबांना तीच भोकं लिस्प नावाच्या भाषेतून आपोआप आखून हवी होती. सोमवारी परीक्षा, आणि नापास होईल त्याची बदली पीथमपूरला. रोजचं जाणं-येणं गोपाळरावांच्या कमरेला झेपणारं नव्हतं. तिथे खोली घ्यायची तर ती एकट्यापुरतीच मिळणार, म्हणजे शशिकलाबाईंशिवाय राहायचं, आणि लग्न झाल्यापासून त्यांनी घरात एकट्याने चहासुद्धा घेतला नव्हता. ही धास्ती त्यांनी कुणाला सांगितली नाही, पण ताटात पोळी उरायला लागली तशी ती सगळ्यांना कळली.

इंदूरला कॉम्प्युटर शिकणारी मुलगी रुची सुटीला आली होती. ती शेजारी येऊन बसली.

"बाबा, तुम्ही मराठीत सोचताय. आपल्यात क्रियापद लास्टला येतं ना? इथे पहले काम, फिर सामान."

"म्हणजे कसं?"

"आई कशी बोलते? आणा दही, कोथिंबीर, मिरच्या. बस, तसंच."

गोपाळरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही भाषा तर ते संसारभर ऐकत आले होते. आधी अधिक, मग पाच, मग तीन. उत्तर आलं, आठ.

त्या भरात त्यांनी कंसात कंस, त्यात आणखी कंस, अशी सगळी भोकं लिहून काढली आणि एंटर दाबलं. कॉम्प्युटर ढिम्म. हँग झाला असं समजून त्यांनी बटण बंद केलं, आणि त्याबरोबर ऑफिसचं अर्धं ड्रॉइंगही गेलं. रुचीने कपाळाला हात लावला. एक कंस उघडा राहिला होता आणि बाबा पुढे काय म्हणतायत, याची तो बिचारा वाट बघत होता. गोपाळरावांना त्याची इतकी दया आली की पुढच्या खेपेला त्यांनी शेवटी मूठभर कंस टाकले. मग कंस जास्त झाल्याची तक्रार आली. रविवार सगळा उघडलेले कंस मिटवण्यात गेला.

सोमवारी भोकं बिनचूक पडली. साहेब खूश झाले.

"कमाल केली, भिया. आता पीथमपूरवाल्यांना तुम्हीच शिकवा. दो-तीन साल तर लागतीलच."

नापास झालेल्यांची बदली मात्र रद्द झाली. लिस्प न येणारे तिथे आधीच भरपूर होते.

घरी ही बातमी ऐकून शशिकलाबाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाला न सांगता त्या टेकरीवर जाऊन देवीला नवस बोलल्या होत्या.

"माझंच चुकलं. यांना पास कर म्हटलं. इथेच राहू दे म्हणायचं राहून गेलं."

गोपाळराव कमरेची पर्वा न करता त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. इतकी माया त्यांना बायकोबद्दल क्वचितच वाटली असेल.

"नवस बरोबर होता," ते म्हणाले. "कंस तेवढा लवकर बंद केलास."

कंसाचं शशिकलाबाईंना काही कळलं नाही. त्यांनी डोळे पुसले आणि टेकरीच्या दिशेने हात जोडले.

"आई, खोली दोघांपुरती मिळू दे. आणि ओटा माझ्या उंचीचा असू दे. आणि दूधवाला वेळेवर येऊ दे. आणि..."

ते मागणं बराच वेळ चाललं. गोपाळरावांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.