श्रीमंतांची गाडी घाटांत दमली, त्याची हकीकत

श्री. ज्यानें वारा केला आणि त्यास कोंडूं नये म्हणून चारी दिशा मोकळ्या ठेविल्या, त्यास नमन करून लिहितों. शके एकोणीसशें त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सर, माघमासीं एके दौलतींत वर्तलें तें येणेंप्रमाणें. दौलतीचें नांव लिहीत नाहीं. वाचणारास आपली वाटली तर वाटो.

त्या दौलतींत श्रीमंतांपाशीं बावीस वर्षांची एक मोटार होती. तिच्या इंजिनावर पट्ट्यानें फिरणारा सुपरचार्जर होता. तो बाहेरची हवा ओढी आणि दाबून जाड रबरी नळीवाटे इंजिनांत कोंबी, आणि त्या जोरावर गाडी भरल्या स्वारीनिशीं घाट चढे. मोटारखान्याचे मुख्य नागोजी मिस्त्री. गाडी नवी आली ते दिवशीं किल्ली त्यांचे हातीं आली, आणि तेव्हांपासून तिचा आवाज त्यांस घरच्या माणसांहून अधिक ओळखीचा जाहला. दौलतींत श्रीमंतांच्या हुकुमानें चाल ऐसी कीं दर वर्धापनदिनीं बॉनेट उघडून प्रजेस इंजिनाचें दर्शन द्यावें, आणि तें शोभिवंत दिसावें म्हणून वरून दिसेल तितकें सर्व, लोखंड म्हणूं नये, रबर म्हणूं नये, शेंदरी रंगानें रंगवावें, आणि मग पुढील वर्धापनापर्यंत त्या रंगास कोणी नख लावूं नये. रबरास रंग सोसत नाहीं, तें ताठरतें आणि तडकतें, ऐसा अर्ज नागोजींनीं एकदां केला होता. तेव्हां कारभारी आबाजीपंत यांनीं भरल्या कचेरींत पुसिलें, "मिस्त्री, चाकरी रबराची करितां कीं सरकारची?" लोक हांसले, आणि नागोजी पुन्हा त्या विषयीं बोलले नाहींत.

ऐसें असतां माघांत गाडी बिघडली. उभ्या जागीं इंजिन थरथरूं लागलें, मध्येंच ठोका चुकवून मिसिंग करूं लागलें, आणि चढावर पाय कितीही दाबावा तरी पिकअप म्हणून नाहीं. एके दिवशीं देवीचे दर्शनास जातां घाटांत उंसाची बैलगाडी श्रीमंतांस मागें टाकून गेली, आणि गाडीवानानें मागें वळून मुजरा केला. तो मुजरा श्रीमंतांस फार झोंबला. मग हुकूम जाहला कीं पाडव्यास शेजारच्या दौलतीचे पाहुणे घेऊन गड चढावयाचा आहे. ते दिवशीं गाडी अडखळली तर नागोजींनीं किल्ली खालीं ठेवावी आणि घरचा रस्ता धरावा.

मग पंतांनीं शहरचे जाणते आणविले, आणि त्यांनीं गाडीस स्कॅनर लाविला, आणि स्कॅनर बोलिला कीं हवा जास्त, पेट्रोल कमी. जाणत्यांनीं रंगाकडे पाहिलें, पंतांकडे पाहिलें, आणि दोष पेट्रोलचाच ठरविला. मग पंप बदलिला, आणि प्लग बदलिले, आणि प्लगांस ठिणगी पुरविणारे कॉइल बदलिले. रंगविलेलें नव्हतें तें सर्व बदलिलें आणि रंगविलेलें होतें त्यास हात जोडिले. गाडी होती तैसीच राहिली. मग पंत बोलूं लागले कीं गाडी ठीक आहे, मिस्त्रीच थकला. आणि हें सर्वांस पटूं लागलें, कारण पटण्यांत सोय होती. नागोजींच्या तें फार जिव्हारीं लागलें.

पाडव्यास चार दिवस उरले असतां, दुपारीं सर्व जेवावयास गेले आणि नागोजींनीं इंजिन चालू करून कान लाविला, तों सुपरचार्जरापुढील नळीपाशीं बारीक फुसफुस ऐकूं आली. मग त्यांनीं ओलें फडकें त्या नळीभोंवतीं घट्ट गुंडाळिलें, आणि इंजिन तेथेंच शांत जाहलें, रडतें मूल कडेवर घ्यावें तैसें. नागोजींचे डोळ्यांस पाणी आलें. गाडी उभी असतां नळीची भेग बाहेरची हवा आंत ओढी, आणि चढावर सुपरचार्जरानें दाबलेली हवा त्याच भेगेंतून बाहेर पळे. दोन्ही दुखणीं एकाच जागचीं. त्यांनीं पंतांकडे जाऊन नळी बदलण्याची परवानगी मागितली. पंत बोलले कीं वर्धापन पांच महिन्यांवर आहे, तेव्हां पाहूं. नागोजी बोलले, पाडवा चार दिवसांवर आहे. पंत बोलले, तें तुमचें तुम्हीं पाहा. मग नागोजींनीं कोणास न पुसतां नळी कापून काढिली. वर शेंदरी लेप आणि खालीं बोटभर भेग. तिचे जागीं नवी काळी नळी बसविली.

पाडव्यास गाडी गड ऐसी चढली कीं पाहुणे वाहवा करूं लागले, आणि श्रीमंतांनीं हर्षून माथ्यावर बॉनेट उघडविलें. शेंदरी इंजिनांत काळी नळी उघडी पडली. पंतांनीं चाल मोडिल्याचा पुकारा केला. नागोजी पुढें जाहले आणि बोलले, "सरकार, गाडी या काळ्या नळीनें चढली. रंगविलेलीनेंच तिला घाटांत बसविलें होतें." पाहुणे ऐकत होते. रंगाचा दोष म्हणावा तर हुकूम श्रीमंतांचा. श्रीमंत पाहुण्यांकडे वळून बोलले, "गाडी नव्या कॉइलांनीं चढली." आणि शहरच्या जाणत्यांस शाली दिल्या, आणि नागोजींस ऐसी माफी दिल्ही कीं नवी नळी त्यांनीं सर्वांदेखत आपले हातें रंगवावी, नाहींतर किल्ली ठेवावी. नागोजींचें वय साठ, आणि दुसरा धंदा ठाऊक नाहीं. मनांतून ते त्याच वेळीं मेले. मग ब्रश घेतला आणि नळी रंगविली, आणि रंग नीट बसावा म्हणून दोन हात दिले.

पुढें भाद्रपदांत गाडी पुन्हा मिसिंग करूं लागली. फुसफुस नागोजींनीं पहिल्या दिवशींच ऐकिली होती. श्रीमंतांनीं पुसिलें, "मिस्त्री, कारण काय असावें?" नागोजी हात जोडून बोलले, "कॉइल, सरकार."

कॉइल बदलिले. येणेंप्रमाणें चाल राहिली, नागोजींची किल्ली राहिली, आणि गाडीस चढवेना म्हणून दौलतीनें घाट फोडून सखल करावयास घेतला. जाहलें तें इतकेंच.