निष्फळ याचिका

बाळांनो, चुळबुळ पुरे. ऐका.

एका जंगलात कायद्याचं राज्य आलं होतं. कुणी आणलं ते विचारू नका. तिथे साळिंदरबाई वकिली करत. ज्या माद्यांना आणखी पिल्लं नको असत, त्यांचे खटले त्या लढत. इतर वकील कुजबुजत, "बाईंना दुसरं काम मिळत नाही वाटतं!" मग बाईंचे काटे उभे राहत आणि कुजबुज थांबे.

एकदा एक सशीण आली.

"बाई, मला दिवस गेलेत. पाय आधीच अधू आहेत. आणखी एक बाळंतपण झालं तर पळता यायचं नाही."

न पळणाऱ्या सशाचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

बाईंनी लगेच गर्भ पाडायच्या परवानगीचा अर्ज केला. न्यायाधीश होते कासवराव. त्यांनी तज्ज्ञ समिती नेमली. बोकड, रेडा आणि मोर.

"नवऱ्याला विचारलंस का?" बोकड म्हणाला.

"आमच्या आईनं कधी कुरकुर केली नाही," रेडा म्हणाला.

"मातृत्वासारखं सुंदर काही नाही," मोर म्हणाला आणि त्यानं स्वतःचा पिसारा फुलवला.

सशिणीचे दिवस महिन्याभराचे. निकालाला दोन महिने लागले.

"प्रसूती झालेली आहे. सबब याचिका निष्फळ," कासवराव म्हणाले.

"निष्फळ कशी, साहेब?" सशीण पडल्यापडल्या म्हणाली. "सहा फळं अंगावर पितायत!"

पुढे खारीची याचिका निष्फळ झाली, घुशीचीही झाली. बाई रडल्या, पण हटल्या नाहीत.

मग आली हत्तीण. तिचे दिवस जवळजवळ दोन वर्षांचे. कासवराव चक्क वेळेत पोचले!

"आपल्या पोटाचा निर्णय मादीचाच," त्यांनी निकाल दिला.

जंगलभर जल्लोष झाला. बाईंचा सत्कार झाला. शाल काट्यांत अशी अडकली की सोडवायला माकडं लागली. "मी पहिल्यापासून बाईंच्याच बाजूला होतो," असं भाषण मोरानं ठोकलं.

गर्दीतून सशीण खुरडत आली. "बाई, पुन्हा दिवस गेलेत. वैद्यबुवा म्हणतात, या खेपेला उठणार नाहीस."

निर्णय मादीचा असला, तरी वैद्यबुवांना कोर्टाचा शिक्का लागेच; बाई तिला घेऊन तडक कोर्टात गेल्या.

"काळजी कसली?" कासवराव मायेनं म्हणाले. "कायदा आता तुझ्याच बाजूनं आहे. पुढल्या महिन्याच्या अखेरीस या."

त्या तारखेला बाई एकट्याच आल्या. त्यांचे काटे उभे नव्हते.

"अर्जदार गैरहजर," कासवरावांनी नोंदवलं. "सबब अर्ज निकाली."

तात्पर्य : कायद्यापुढे सगळे समान असतात, बाळांनो. म्हणून जन्म घ्यायचाच तर हत्तिणीचा घ्यावा.