भगवानरावांची मान

माणूस टीव्हीवर कसा दिसावा, ते मला विचारा! आमचे खासदार भगवानराव चार वर्षं संसदेत होते, पण बोलण्याच्या नावानं बोंब. भालकीजवळच्या आमच्या गावाला तर संशय होता, की साहेब दिल्लीला जातच नाहीत. निवडणूक तोंडावर आलेली, गावाला रेल्वेचा थांबा हवा होता आणि रेल्वेमंत्री संसदेत त्याच मागणीवरच्या चर्चेला उत्तर देणार होते.

मी साहेबांचा पीए. म्हटलं, "साहेब, बोलायचं कामच न्हाई. मंत्र्याच्या बरोबर मागं बसा. कॅमेरा मंत्र्यावर, म्हंजे तुमच्यावर! फक्त मान डोलवा."

आठ दिवस तालीम केली. मी डोलवून दाखवायची, साहेबांनी तशी डोलवायची. आकडे आले की हलकी, शेतकरी आला की संथ, पक्षाध्यक्षांचं नाव आलं की भरभर! शेवटी माझी बायको मंजुश्री वैतागली. "जेवताना कामून मान हलवायलाव? भाजी आवडली तर तोंडानं सांगा की!"

चर्चेच्या दिवशी ग्रामपंचायतीपुढं मोठा टीव्ही लावला. साहेब दिसले! कडक जाकीट, कपाळाला गंध. सरपंच श्रीपतरावांनी माझ्याच गळ्यात हार घातला.

बोलता बोलता मंत्री आमच्या गावाच्या मागणीवर आले. "इथं दिवसाला चार प्रवासी मिळतील."

साहेबांनी मान डोलवली. हलकी.

"तिथल्या शेतकऱ्यालाही थांबा नको आहे."

संथ. वर डोळे मिटून!

"म्हणून, पक्षाध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली, ही मागणी नामंजूर!"

भरभर! बाकसुद्धा वाजवलं हो!

बिदरला भाजी विकायला जाणारी मल्लव्वा ओरडली, "अय्यो! मी रोज टोपली घेऊन उभी ऱ्हायलेय, मी प्रवासी न्हाई व्हय?" श्रीपतरावांनी माझ्या गळ्यातला हार काढून घेतला.

रविवारी साहेब गावात आले. अख्खा गाव जमला होता. मी ठरवूनच गेलो होतो, की सगळं साहेबांवर ढकलायचं. नोकरी वाचवायची होती ना!

पण साहेबच आधी गरजले, "माझा काय दोष? मला मान डोलवायला ह्यानंच शिकवलं! मंत्री काय म्हणतो ते ऐकू नका, असंबी ह्यानंच सांगितलं! शेतकऱ्याचा थांबा ह्याच्यामुळं गेला! व्हय का न्हाई रे, शिवप्रसाद?"

"न्हाई" म्हणायला मी तोंड उघडलं. पण आठ दिवसांची तालीम! "शेतकरी" कानावर पडला आणि माझी मान हलली.

नोकरी गेली. पण खरं सांगतो, मान अगदी बरोबर डोलली होती. संथ!