शेवटची सोळा पानं

"पण मग चौथ्याच मिनिटाला खुनी सापडतो ना," चॅनेलच्या मॅडम म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या बंगल्यात सीसीटीव्ही असणारच. आपल्याला आठ भाग करायचेत."

लेखकाने मान डोलावली. बंगल्याच्या मालकाच्या खुनाची सत्तर वर्षांपूर्वीची रहस्यकादंबरी आजच्या काळात आणायची, म्हणजे आधी आजचा काळ बंद पाडायचा, हे त्याला एव्हाना कळून चुकलं होतं. पहिल्या भागात त्याने वादळ आणून मोबाइलचा टॉवर पाडला. दुसऱ्या भागात कॅमेऱ्यासमोर कबुतराने घरटं केलं. कादंबरीतला गुप्तहेर नुसता खुर्चीत बसून विचार करायचा. मालिकेतल्या गुप्तहेराला मॅडमनी घटस्फोट, निद्रानाश आणि लेदरचं जॅकेट दिलं होतं. विचाराला वेळच उरला नव्हता.

"आणि खुनी बदला," मॅडम म्हणाल्या. "पुस्तक वाचलेले लोक पहिल्याच दिवशी नाव फोडतील. पुस्तकातलाच निघाला ना, तर तुम्ही परत सकाळच्या कार्यक्रमात."

सकाळच्या कार्यक्रमासाठी लेखकाने दोन वर्षं 'दात कसे घासावेत' या विषयावर एकशे चौदा संहिता लिहिल्या होत्या. शेवटी शेवटी त्याच्याकडे दात उरले नव्हते, म्हणजे विषयातले.

"बदलतो," तो म्हणाला.

अडचण एवढीच, की मूळ खुनी कोण हे त्याला माहीत नव्हतं. काम मिळवताना त्याने 'ही कादंबरी मला पाठ आहे' असं सांगितलं होतं आणि ते बरंचसं खरं होतं. शेवटची सोळा पानं सोडून पाठ होती. ती सोळा पानं आत्याकडे होती.

आत्या एकतीस वर्षं ग्रंथपाल होती. लोक रहस्यकथेचं शेवटचं पान आधी उघडतात, याचा तिला इतका संताप यायचा, की तिने वाचनालयातल्या प्रत्येक रहस्यकथेची शेवटची पानं ब्लेडने कापून काउंटरखाली ठेवली होती. वाचकाने येऊन खुनी कोण ते सांगायचं, बरोबर आलं तरच पानं मिळायची. वाचनालय बंद पडलं तेव्हा पुस्तकं, नोंदवही आणि पानांनी भरलेला बिस्किटांचा डबा घेऊन ती भाच्याकडे राहायला आली. कादंबरीची दुसरी प्रत लेखकाने सगळीकडे शोधली. कुठेच नव्हती. या शोधाशोधीत सहा भाग लिहून झाले, मालिका सुरूही झाली.

"आत्या, पोटापाण्याचा प्रश्न आहे गं."

"नियम म्हणजे नियम. कोण?"

"डॉक्टर."

"चूक. आणि कारणं द्यायची रे. नुसती नावं कुणीही घेतं."

लेखक तोंड पाडून दारापर्यंत गेला आणि थबकला. चूक म्हणजे डॉक्टर खुनी नाही. म्हणजे त्याला हवा होता तो डॉक्टरच! शाळेपासून आजवर त्याने दिलेल्या चुकीच्या उत्तरांचं पहिल्यांदाच चीज झालं होतं. त्याने लगेच फोन लावला.

"मॅडम, डॉक्टर."

"डॉक्टर कसा चालेल? मधल्या जाहिराती हॉस्पिटलच्या आहेत."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आत्या, मालकाचा पुतण्या."

"चूक."

"थँक्यू!"

पण पुतण्या झालेल्या नटाचं हसू प्रेक्षकांना आवडू लागलं होतं, त्यामुळे मॅडमनी त्याला हात लावू दिला नाही. मग सेक्रेटरी. आत्या म्हणाली, "चूक." मॅडम म्हणाल्या, "अहो, तिला चौथ्या भागात तुम्हीच परदेशी पाठवलीत." मग स्वयंपाकीण. आत्या म्हणाली, "चूक." मॅडमनी सहाव्या भागाची संहिता उघडली.

"तिचा सहाव्या भागात खून झालाय," त्या म्हणाल्या. "तुम्हीच केलात."

"हो का," लेखक म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं.

इकडे आत्याला वेगळीच काळजी लागली. "अरे, तू रहस्याचीच मालिका लिहितोस ना? मग एवढंही कसं येत नाही तुला?"

शेवटच्या भागाचं शूटिंग तोंडावर आलं तेव्हा बंगल्यात फक्त माळी उरला होता. सात भागांत त्याला एकही वाक्य नव्हतं. "चालेल," मॅडम म्हणाल्या. "त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण कारणं नीट द्या." आता आत्याला विचारायलाही सवड नव्हती. लेखकाने कारणं शोधायला कादंबरी पुन्हा वाचली, भाग लिहिला, तो चित्रित झाला, आणि दुपारी घरी येऊन तो आत्यासमोर बसला. त्याला फक्त एक 'चूक' ऐकून झोपायचं होतं.

"माळी," तो म्हणाला. "तिसऱ्या प्रकरणात भर पावसात तो झाडांना पाणी घालतोय. कशाला? तर झारीत पाणी नव्हतंच, विष होतं. कुत्रा मेला तो त्याच वाफ्यापाशी. आणि मालकाच्या खोलीतली फुलं रोज तोच बदलायचा."

आत्या उठली, डबा उघडला आणि पिवळी पडलेली सोळा पानं त्याच्या हातात ठेवली. "एकतीस वर्षांत या पुस्तकाची पानं मी कुणालाही दिली नव्हती," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच्याही.

"आत्या, एकदा चूक म्हण ना."

"वेडा आहेस का? शंभर टक्के बरोबर!"

शेवटचा भाग दाखवला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेखक दात घासत होता. नीट, पद्धतशीर, पुढे उपयोगी पडेल असं. तेवढ्यात फोन वाजला.

"लोक पेटलेत!" मॅडम ओरडल्या. "मूळ कादंबरीची वाट लावली म्हणतायत! कुणी म्हणतं पुस्तकात डॉक्टर होता, कुणी म्हणतं पुतण्या. सांगत होते ना मी, खुनी बदलल्याशिवाय चर्चा होत नाही! तुम्ही कुठे जायचं नाही आता."

लेखक तोंडात फेस घेऊनच खुर्चीत बसला. मग चूळ भरून त्याने आत्याला एकेक प्रतिक्रिया वाचून दाखवली. एका गृहस्थाने लिहिलं होतं, 'मी ही अजरामर कादंबरी तीनदा वाचली आहे. खुनी सेक्रेटरी आहे. लेखकाने पुस्तक उघडून तरी बघायचं होतं.'

आत्याने नाव विचारलं, चष्मा लावला आणि नोंदवही काढली. "सभासद क्रमांक सहाशे बारा. याला मी चार वेळा परत पाठवलाय!" वाचून झालेली सोळा पानं तिने परत डब्यात ठेवली होती; तो डबा तिने पुढे ओढला. "सोळाव्या पानाचा फोटो काढ आणि पाठव त्याला. सगळ्यांनाच पाठव. माझ्या भाच्यावर आळ घेतात म्हणजे काय?"

खुनी पुस्तकातलाच आहे हे मॅडमना कळणार, या विचाराने लेखकाला सकाळच्या कार्यक्रमातले सगळे दात पुन्हा दिसू लागले.

"आत्या, थांब," तो म्हणाला. "त्याने कारणं कुठे दिलीत?"

आत्याचा हात थांबला. तिने प्रतिक्रिया स्वतः पुन्हा एकदा वाचली.

"तेही खरंच," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.