गेनभाऊंच्या घरात दुधाचं वावडं

बदली होऊन मी या गावात आलो, त्या दिवशी गेनभाऊंनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "गुरुजी, घरात कोन गेलं?"

कुणीही गेलेलं नव्हतं. मी फक्त कोरा चहा मागितला होता. पण कोरा चहा सुतकातच पितात, धडधाकट माणूस तो आपण होऊन मागत नाही, अशी गेनभाऊंची पक्की समजूत. मला दूध आवडत नाही, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की आपण पोरांना शिकवायच्या लायकीचे आहोत की नाही याची शंका मलाच आली. मग आत जाऊन त्यांनी स्टीलचा भला मोठा ग्लास काठोकाठ भरून आणला आणि माझ्यापुढं ठेवला.

"प्या. दूध कुनाला बाधत असतं व्हय?"

हे त्यांचं पालुपद. पुढच्या दोन वर्षांत मी ते इतक्यांदा ऐकलं, की वर्गात पाढे घेतानाही ते माझ्या तोंडून निसटायचं बाकी होतं.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. पाऊस बेताचा, म्हणून घरटी दोन-चार जर्सी गायी, आणि गावाचा सगळा कारभार दूध संकलन केंद्राभोवती. गेनभाऊ या केंद्राचे सचिव. सत्तरीला टेकलेले, अंगात बंडी, डोक्यावर टोपी, आणि बंडीच्या खिशात पेनाच्या जागी लॅक्टोमीटर. लॅक्टोमीटर म्हणजे दुधात सोडायची काचेची नळी. दुधात पाणी घातलेलं असलं की ती खोल बुडते आणि आकडा कमी दाखवते. त्या आकड्याला गावात 'डिग्री' म्हणतात. गेनभाऊ दुधाची डिग्री बघायचेच, पण माणसांचीही बघायचे. सरपंचाबद्दल त्यांचं मत : "मानूस बरा हाय, पन डिग्री लागत न्हाई." एकदा शाळातपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हे तोंडावर ऐकवलं, आणि साहेबांना वाटलं आपल्या शिक्षणाची चौकशी चाललीय. माझ्याबद्दल ते म्हणायचे, "गुरुजी फॅटला कमी हायेत, पन पानी न्हाई." माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कुणी माझ्याबद्दल याहून बरं बोललेलं नाही.

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. त्यांची बायको मी येण्याआधीच वारलेली. एकच मुलगी, ती नागापूरला, जावई तिथं एमआयडीसीत कामाला. त्यामुळं मागच्या तीन खोल्यांत गेनभाऊ एकटेच. औषधपाणी करायला घरात कुणी उरलं नाही म्हणून की काय, ते माझ्यावर टपलेले असायचे. मी शिंकलो की हळदीचं दूध. खोकलो की सुंठीचं. पाय मुरगळला तेव्हा तूप घातलेलं. मी ते गुपचूप मोरीत ओतायचो आणि ग्लास विसळून परत द्यायचो. मला याची लाज वाटायची, पण ते पिण्याइतकी नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळी कॅन न्यायला टेम्पो आला होता. कॅन चढवून झाले, गेनभाऊंनी नेहमीसारखी टेम्पोच्या अंगावर थाप मारली आणि म्हणाले, "चल, जाऊ दे." टेम्पो सुरू झाला आणि खालून असा काही आवाज आला की रांगेतल्या बायांनी कानावर हात ठेवले. मांजराचं एक पांढरं पिल्लू उबेला इंजिनाजवळ चढून बसलं होतं. मूठभर जीव. मागचा एक पाय लोंबत होता.

ड्रायव्हर म्हणाला, "टाका बाजूला, जगत न्हाई ते."

गेनभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी म्हनलो ना, जाऊ दे. माझ्याच तोंडानं म्हनलो," असं दोनदा पुटपुटून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पिल्लू तिच्यात उचललं आणि मला म्हणाले, "गुरुजी, हे माझ्या हातनं मरता कामा नये. बास."

रविवार होता, म्हणून मीही बरोबर गेलो. दुधाच्या किटलीत टॉवेल अंथरून, त्यात पिल्लू ठेवून आम्ही पारनेरची एसटी पकडली. कंडक्टरनं विचारलं, "भाऊ, दूध कुठं निघालं?" तेवढ्यात किटली ओरडली. पुढं पारनेर येईपर्यंत कुणी काही विचारलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तिथलं सगळं सामान गायी-म्हशींच्या मापाचं. त्या टेबलावर पिल्लू कुणाच्या तरी हातून पडलेल्या रुमालासारखं दिसत होतं. त्यांनी पाय सरळ करून पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "हाड जुळेल. पण अंगात ताकद राहिली पाहिजे. आठ दिवसांनी आणा." खायला काय द्यायचं हे विचारायची गेनभाऊंना गरजच वाटली नाही. सगळी हयात दुधात काढलेला माणूस मांजराला काय घालायचं हे विचारेल कशाला?

पिल्लाचं नाव त्यांनी 'साय' ठेवलं. बशीभर ताजं, धारोष्ण दूध तिच्यापुढं ठेवलं. ती अधाशासारखी प्यायली. गेनभाऊंनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत तिला जुलाब सुरू झाले.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, दूध बाधलं. गेनभाऊ म्हणाले, "ह्या दुधात खोट हाय."

तिथून गावात जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. रोज एकेका घरचं दूध वेगळं काढायचं, त्याची फॅट बघायची, डिग्री बघायची, वास घ्यायचा आणि मग ते सायीला पाजायचं. सायीचं पोट बिघडलं की दुसऱ्या दिवशी त्या घराची हजेरी. "काय घालताय गायीला? तुमच्या दुधानं माझं पिल्लू पातळ झालंय." शांताबाई म्हणजे केंद्रातली जुनी खातेदार, तोंडानं तिखट. ती म्हणाली, "तुमच्या मांजराच्या ढुंगनावरनं माझ्या गायीची परीक्षा व्हय, भाऊ?" रांग हसली. गेनभाऊ हसले नाहीत.

गायीचं झालं, म्हशीचं झालं. मग वस्तीवर जाऊन शेळीचं आणलं. साय सगळं प्यायची आणि सगळं पातळ बाहेर यायचं. पायाची पट्टी भरायची. गेनभाऊ कोमट पाणी करून तिचं अंग पुसायचे, पट्टी बदलायचे, फडकी धुऊन वाळत घालायचे. तोंडानं चालू असायचं, "जरा दम धर माय, उद्या चांगलं दूध गावतंय." तिची हाडं वर आली. डोळे आत गेले. केंद्रावर गेनभाऊंनी दोनदा आकडा चुकीचा वाचला, आणि तो वाढीव होता म्हणून कुणी बोललं नाही.

एकदा मधल्या सुट्टीत मी काही विसरलेलं न्यायला घरी आलो. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं तर गेनभाऊ उभ्यानं, चोरासारखे, दुधाच्या वाटीत पाणी ओतत होते. अर्धं दूध, अर्धं पाणी. दुधात पाणी घालणाऱ्यांना आयुष्यभर ज्यांनी रांगेतून हाकललं, तेच हे गेनभाऊ. दार वाजलं तसे ते दचकले.

"कुनाला सांगू नका, गुरुजी."

मी सांगितलं नाही. शाळेत सांगितलं असतं तर महिनाभर शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय निघाला नसता. पण त्यांचा तो चेहरा बघून माझं हसू आतल्या आतच जिरलं.

पाण्यानंही काही झालं नाही. मी एकदा भीत भीत म्हटलं, "भाऊ, दूधच बंद करून बघू या का?" ते उसळलेच. "तुमी मला शिकवू नका. आईच्या दुधावर वाढत न्हाई का ते?" सातव्या दिवशी सायीनं मान टाकली, आणि आठवा दिवस उजाडायची वाट न बघता आम्ही परत किटली घेऊन पारनेर गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी पिल्लाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "पार सुकलंय हे. काय देताय खायला?"

गेनभाऊंनी सगळं सांगितलं. कुणाकुणाचं दूध, किती फॅटचं, सगळं.

"काका, दुधानंच होतंय हे. एक थेंबही द्यायचा नाही आता."

"दूध चोख हुतं, ताई. मी सोता तपासलं."

"चोखच असेल. दुधाचा दोष नाही काही. काही पोटांना दूध पचतच नाही, गायीचं तर नाहीच नाही. आईचं वेगळं." त्या सलाइन भरता भरता बोलत होत्या.

गेनभाऊंनी टेबलावरच्या पिल्लाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मानसाचं बी आसं असतं का?"

"असतं की. पुष्कळांचं असतं. पोट फुगतं, कळा येतात, सारखं जावं लागतं. दूध बंद केलं की थांबतं." एवढं बोलून त्यांनी मान वर केली. "तुम्हाला त्रास आहे का काका?"

"न्हाई," गेनभाऊ म्हणाले. "मला न्हाई."

परत येताना ते एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत बसले. दुधाची अब्रू गेली याचं त्यांना वाईट वाटत असणार, असं मला वाटलं. म्हणून मी थट्टेनं म्हटलं, "चला भाऊ, दुधालाही कुणीतरी वैरी भेटला." त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते वाक्य परत घेता आलं तर मी आजही घेईन.

साखर-मिठाचं पाणी थेंब थेंब पाजायचं, आणि उकडलेल्या कोंबडीचं पाणी आणि चिमूटभर कुस्करलेलं मांस द्यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. गेनभाऊंच्या घरात कधी अंडंसुद्धा शिजलं नव्हतं. कोंबडी मी माझ्या खोलीत शिजवायचो. ती वाटी ते दोन्ही हातांनी धरून आत न्यायचे आणि बोटावर घेऊन सायीच्या तोंडाला लावायचे. वासानं त्यांना मळमळायचं. तोंड एका बाजूला वळवून, डोळे मिटून ते बोट पुढं धरायचे, ती चाटून होईपर्यंत. या दिवसांत पालुपद ऐकू आलं नाही. मला दुधाचा ग्लासही आला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी बायकांच्या गलक्यानं मला जाग आली. केंद्र बंद होतं आणि रांग किटल्या घेऊन दारात उभी. माझ्या माहितीत असं कधी झालं नव्हतं. मी घाबरून मागच्या बाजूला धावलो. मनात म्हटलं, गेली बहुतेक.

साय गेली नव्हती. राखेच्या घमेल्यात तीन पायांवर उभी राहून ती राख उकरत होती. तिच्यामागं दोन छोट्या, घट्ट, नीट बांधलेल्या लेंड्या पडल्या होत्या. मी बावन्न वर्षांचा, डी.एड. झालेला माणूस, मांजराची ती करणी बघून मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच, "भाऊ! घट्ट झाली की! वाचली!"

गेनभाऊ घमेल्याशेजारी फरशीवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं, तेव्हा त्यांचे डोळे लाल दिसले.

"चार दिवस," ते म्हणाले. "चार दिवसांत थांबलं, गुरुजी."

"मग चांगलंच झालं की."

"आमच्या हिचं तीस वर्षं चाललं."

मी खाली बसलो. ते माझ्याशी बोलतच नव्हते, घमेल्याकडे बघून बोलत होते. सकाळी एक ग्लास, संध्याकाळी एक. ते स्वतःच्या हातानं बायकोला द्यायचे आणि संपेपर्यंत पुढ्यात उभे राहायचे. "नको वो म्हनायची. पोटात कळ उठती म्हनायची. मला वाटायचं, थेरं करती. कळ उठली म्हनली की मी आनखी अर्धा ग्लास द्यायचो." ती कधी एसटीत बसली नाही. वाटेत पोट बिघडलं तर जायचं कुठं, ही भीती. एकुलत्या एका लेकीच्या बाळंतपणाला नागापूरला गेली नाही. गेनभाऊ सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, हिला घर सोडवत न्हाई. "शेवटाला तोंडातनं शब्द फुटत नव्हता, तरी व्हट मिटून घ्यायची. मी चमच्यानं उघडायचो." बोलता बोलता ते थांबले. "गेली ती हार्टनं. दुधानं न्हाई गेली, ते मला कळतंय. पन जगली कशी, ते बगा."

मला त्यांचा राग यायला हवा होता, कदाचित. आला नाही. "तुम्हाला काय माहीत होतं, भाऊ," असं काहीतरी मी म्हणालो. पोरांना सत्तावीस वर्षं उत्तरं सांगितली, आणि वेळेवर एवढंच सुचलं.

साय लंगडत घमेल्याबाहेर आली आणि त्यांच्या धोतराच्या सोग्यावर जाऊन बसली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर तिच्यावर नव्हती.

"हिला बोलता येत न्हाई, म्हनून मी हिला दोनदा पारनेरला नेलं," ते म्हणाले. "ती बोलत हुती, गुरुजी."